समोरची पार्टी मॅग्निट्स्की लिस्टमध्ये आहे का? ऑर्डर घ्यायच्या आधी स्वतः तपासायची पद्धत

10 ऑक्टोबर 2019 ला अमेरिकेच्या ट्रेझरी खात्याने सहारनपूरच्या तीन भावांची नावं आपल्या निर्बंधांच्या लिस्टमध्ये टाकली (हीच ती मॅग्निट्स्की लिस्ट, जिच्यातल्या माणसाचे डॉलरचे पैसे अडवले जातात). अजय, अतुल आणि राजेश गुप्ता, आणि सोबत त्यांचा धंद्यातला साथीदार सलीम एसा. हे कुटुंब 1993 मध्ये दक्षिण आफ्रिकेत गेलं, सहारा कम्प्युटर्स काढली, आणि बघता बघता राष्ट्राध्यक्ष जेकब झुमांच्या इतकं जवळ गेलं की सरकारी कंत्राटं कोणाला आणि मंत्री कोण इथपर्यंत ह्यांचाच हात आहे असे आरोप झाले (गुप्तांनी ते कायम नाकारलेत). लिस्टमध्ये नाव यायच्या चारच महिने आधी, जून 2019 मध्ये, ह्याच घरातल्या दोन मुलांची लग्नं उत्तराखंडच्या औलीला झाली होती, त्यानंतरच्या कचऱ्याच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या असतील. आता विचार करा, त्या लग्नाला माल किंवा सर्व्हिस देणाऱ्या कोणाचं पेमेंट डॉलरमध्ये ऑक्टोबरनंतर यायचं असतं तर?

एक्स्पोर्टचे कागद करणाऱ्या माणसाला हा प्रश्न रोज पडायला हवा, पण बहुतेक जण म्हणतात "ते बँक बघेल". बँक बघतेच, पण माल जहाजावर चढल्यावर बघते, पैसे अडकतात ते आपले. म्हणून हा लेख. एक्स्पोर्टर, सीए, अकाउंटंट, पत्रकार, सामाजिक संस्थेत काम करणारे, कोणालाही लागू पडेल असं लिहितोय, फुकटात करता येतं, कम्प्युटर आणि थोडा धीर लागतो.

आधी हे काय प्रकरण आहे ते

सर्गेई मॅग्निट्स्की हा मॉस्कोतला टॅक्स सल्लागार. त्याने 23 कोटी डॉलरच्या टॅक्स रिफंड घोटाळ्यात सरकारी अधिकारीच सामील असल्याचं सांगितलं, त्यालाच आत टाकलं, जवळपास वर्षभर कोठडीत राहून 16 नोव्हेंबर 2009 ला तो तिथेच मेला, वय 37. त्याचा क्लायंट बिल ब्राउडर मग अमेरिकेत लॉबिंग करत फिरला आणि 2012 मध्ये फक्त रशियासाठीचा कायदा झाला. डिसेंबर 2016 मध्ये तो सगळ्या जगासाठी झाला, म्हणून नाव ग्लोबल मॅग्निट्स्की. आधी त्याला मुदत होती, 2022 मध्ये ती काढून टाकली. प्रत्यक्ष काम चालतं ते डिसेंबर 2017 च्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशावर, क्रमांक 13818, आणि तो कायद्यापेक्षाही ढगळ आहे, म्हणजे "गंभीर मानवी हक्क उल्लंघन" आणि "भ्रष्टाचार" ह्या दोन शब्दांत बरंच काही बसवता येतं.

मुद्दा हा की निर्बंध देशावर नसतात, माणसावर असतात. इराण किंवा उत्तर कोरिया म्हटलं की कोणीही सावध होतं, पण इथे पार्टी दुबईची, लंडनची, जोहान्सबर्गची, कुठलीही असू शकते आणि देश बघून काहीच कळत नाही. आणि सगळे मंत्री-जनरलच असतात असंही नाही. पहिल्या बॅचमध्ये गॅम्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष याह्या जामेह होता, म्यानमारचा जनरल माउंग माउंग सो होता, खाणवाला डॅन गर्टलर होता, आणि किडनी रॅकेटच्या आरोपावरून पाकिस्तानातला एक सर्जनही होता.

"पण मी तर भारतीय, मला अमेरिकेचा कायदा कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे. भारतात असा कायदा नाही. आपल्याकडे बंधनकारक आहेत त्या संयुक्त राष्ट्रांच्या लिस्टा, यूएपीए ह्या दहशतवादविरोधी कायद्याच्या कलम 51ए खाली, आणि रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमातही त्याच येतात. त्यामुळे अमेरिकेच्या लिस्टमधल्या माणसाला पुण्यात रुपयात माल विकला तर भारतीय कायदा मोडत नाही.

पण डॉलर आला की गोष्ट बदलते, कारण दुबईच्या बँकेतून सांगलीच्या बँकेत येणारा डॉलरसुद्धा बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या करस्पॉन्डंट (म्हणजे दोन बँकांच्या मधल्या) बँकेतूनच फिरून येतो. ती बँक अमेरिकन, तिला कायदा शंभर टक्के लागू, आणि तुम्ही तिच्याकडून तो मोडवला तर "उल्लंघन घडवून आणलं" म्हणून तुमच्यावरही येऊ शकतं. 2017 मध्ये सिंगापूरच्या सीएसई ग्रुपला असंच 1 कोटी 20 लाख डॉलरला सेटलमेंट करावी लागली. ते प्रकरण इराणचं होतं पण दोन्हीकडच्या निर्बंधांमागचा मूळ कायदा (आयईईपीए) तोच, आणि कंपनी अमेरिकन नव्हती, फक्त पेमेंट डॉलरमध्ये गेली होती. दिवाणी दंड 2025 च्या आकड्याने प्रत्येक उल्लंघनाला 3,77,700 डॉलर किंवा व्यवहाराच्या दुप्पट, जे जास्त असेल ते, आणि "मला माहीत नव्हतं" हा बचाव त्यात चालत नाही (दंड कमी व्हायला उपयोग होतो एवढंच). आणि दुसरं, लिस्टमधल्या माणसाला मोठी मदत करणाऱ्यालाही लिस्टमध्ये टाकायची सोय त्या आदेशातच आहे.

घाबरवायला सांगत नाही, लहान एक्स्पोर्टरवर असा दंड पडायची शक्यता कमीच. खरा त्रास पैसे अडकण्याचा आहे.

पहिलं काम: व्यवहारातली सगळी नावं कागदावर काढा

लोक फक्त बायरचं नाव टाकून बघतात आणि "क्लिअर" म्हणून मोकळे होतात. समजा सांगलीहून हळद जातेय, ऑर्डर दुबईच्या ट्रेडिंग कंपनीची, माल मोम्बासाला, कन्साइनी (ज्याच्या नावे माल जातो) तिथलं गोडाऊन, नोटिफाय पार्टी (माल पोचल्यावर ज्याला कळवायचं) आणखी कोणीतरी, आणि अ‍ॅडव्हान्स आला तो चौथ्याच कंपनीच्या खात्यातून, जिचं नाव इन्व्हॉइसवर कुठेच नाही. ही चारही नावं तपासायची. शिवाय बायरची बँक, जहाजाचं नाव (आयएमओ नंबरसकट, कारण जहाजाचं नाव बदलतं, नंबर बदलत नाही), मधला एजंट ज्याला कमिशन जातंय, आणि कंपन्यांच्या मागचे डायरेक्टर आणि मालक. तिसऱ्याच खात्यातून पैसे येणं हे तर स्वतःच विचारायचं कारण आहे, लिस्टमध्ये नाव असो नसो. उत्तर "आमचीच सिस्टर कन्सर्न आहे" असं आलं की तिचे कागद मागा.

नावं पासपोर्टवर किंवा रजिस्ट्रेशन सर्टिफिकेटवर आहेत तशीच्या तशी घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचं "मिस्टर टोनी" चालत नाही. राजेश गुप्ता जगाला टोनी म्हणूनच माहीत होता.

दुसरं: ओफॅकच्या सर्चमध्ये नाव टाकणं

ओफॅक म्हणजे ट्रेझरीमधलं निर्बंध बघणारं ऑफिस. त्यांच्या साइटवर "सँक्शन्स लिस्ट सर्च" नावाचं पान आहे, लॉगिन लागत नाही. इथे थोडं सावकाश जाऊ कारण निम्म्या चुका इथेच होतात.

पानावर नावाचा रकाना आहे आणि त्याच्या जवळ "मिनिमम नेम स्कोअर" नावाची सरकपट्टी. ती 100 वर असते. 100 म्हणजे अगदी तंतोतंत स्पेलिंग, एक अक्षर इकडेतिकडे झालं तर रिकामं पान येणार आणि तुम्ही खूश. ती खाली आणा, 85 ला एकदा बघा, अरबी, बर्मी किंवा रशियन नाव असेल तर 80 लाही बघा. स्कोअर किती ठेवायचा हे ओफॅक सांगत नाही, ते तुम्ही ठरवायचं, आणि जो ठरवला तो लिहून ठेवायचा. महत्त्वाचं म्हणजे हा सैलपणा फक्त नावाच्या रकान्याला आहे, पत्ता, शहर वगैरेला नाही, तिथे अक्षर न अक्षर जुळावं लागतं, म्हणून सुरुवातीला तिकडे काही भरूच नका. टाइपमध्ये "ऑल" ठेवा, कारण कंपनीचं नाव माणसाच्या नावावर असतं आणि जहाजाचंही असतं. पासपोर्ट नंबर हातात असेल तर आयडीच्या रकान्यात तो वेगळा टाकून बघा.

नावांचा घोळ आपल्याला नवा नाही, "जोशी" इंग्रजीत किती तऱ्हेने लिहितात आपल्याला माहीत आहेच. बर्मी नावात आडनाव नसतं, मिन आँग लाइंग हे पूर्ण नावच एक आहे, त्यातला शेवटचा शब्द आडनाव समजून शोधलं तर भलतेच लोक निघतात, आणि "ऊ" किंवा "डॉ" (हे डॉक्टर नव्हे) लावलेलं असेल तर ते आदरार्थी आहे, काढून टाका. चिनी नावात आडनाव आधी. अरबीत "अल" आणि "बिन" कधी असतात कधी नसतात. म्हणून दोन-तीन तऱ्हेने टाका.

रिझल्टमध्ये नावापुढे प्रोग्रॅमचा रकाना दिसेल. "ग्लोमॅग" दिसलं की ते ग्लोबल मॅग्निट्स्की. "मॅग्निट" दिसलं तर तो 2012 चा रशियावाला कायदा. दुसरंच काही असेल, ड्रग्ज, दहशतवाद वगैरे, तरी थांबायचंच, फक्त नियम वेगळे असतील. नाव मोकळं ठेवून प्रोग्रॅममध्ये फक्त ग्लोमॅग निवडलं तर सगळी यादी येते, एकदा निवांत वाचून बघा, कुठल्या कुठल्या देशातले कसले कसले लोक आहेत हे बघून डोळे उघडतात.

तिसरं: नाव सापडलं. तोच माणूस का?

राजेश गुप्ता नावाची माणसं एकट्या ठाण्यात किती असतील! नाव जुळणं ही फक्त सुरुवात आहे. नावावर क्लिक केलं की तपशिलाचं पान उघडतं: जन्मतारीख, जन्मगाव, नागरिकत्व, पासपोर्ट, टोपणनावं, पत्ते. टोपणनावाला "स्ट्राँग" किंवा "वीक" असा शेरा असतो, वीक म्हणजे फार सर्रास वापरलं जाणारं नाव, फक्त त्यावर जुळलं तर बाकी काही जुळतंय का बघितल्याशिवाय घाबरायचं नाही.

ओळीने विचारत जा. तुमची पार्टी कंपनी आहे आणि लिस्टमधला माणूस, मग ते दोन वेगळे (पण मालक तो आहे का हा प्रश्न उरतोच, त्यावर पुढे येतोय). नावाचे किती भाग जुळतात, एकच की सगळे? जन्मवर्षात वीस वर्षांचा फरक आहे का? देश? एवढं करूनही तीन-चार गोष्टी जुळत असतील तर मनाने निकाल देऊ नका, बँकेच्या फॉरेक्स डेस्कला लेखी कळवा आणि माल थांबवा.

कारण काय ते वाचायचं असेल तर अमेरिकेच्या लिस्टमध्ये ते नसतं, त्या तारखेची ट्रेझरीची प्रेस रिलीज शोधावी लागते. ब्रिटनच्या लिस्टमध्ये मात्र प्रत्येक नावाखाली कारणांचा परिच्छेद असतो. गुप्ता बंधू आणि एसा हे एप्रिल 2021 मध्ये ब्रिटनच्याही लिस्टमध्ये आले, त्यामुळे ओळख पटवायला मी दोन्ही शेजारी शेजारी उघडतो, एकात नसलेली माहिती दुसऱ्यात सापडते.

चौथं, आणि सगळ्यात जास्त वेळ इथे द्या: मालक कोण

लिस्टमध्ये नाव नसलेली कंपनीसुद्धा ब्लॉक, म्हणजे निर्बंधाखाली, असू शकते. हा आहे पन्नास टक्क्यांचा नियम, 2014 पासून सध्याच्या रूपात. लिस्टमधल्या एका किंवा अनेक माणसांची मिळून 50 टक्के किंवा जास्त मालकी असेल तर ती कंपनी आपोआप ब्लॉक, तिचं नाव कुठेही छापलेलं नसलं तरी. "मिळून" हा शब्द नीट बघा. एका भावाचे 25, दुसऱ्याचे 25, दोघे लिस्टमध्ये, बाकी 50 भलत्याच सज्जन माणसाचे, तरी कंपनी ब्लॉक.

आता साखळी. लिस्टमधल्या माणसाकडे होल्डिंग कंपनीचे 50 टक्के आहेत, आणि होल्डिंगकडे तुमच्या बायरचे 50 टक्के आहेत. आपला अकाउंटंट काय करतो, गुणाकार करतो: पन्नासाचे पन्नास म्हणजे पंचवीस, सुटलो. चूक. होल्डिंग 50 वर पोचली म्हणजे ती स्वतःच लिस्टमध्ये असल्यासारखी धरायची, मग तिचे बायरमधले 50 म्हणजे बायरही ब्लॉक. इथे गुणाकार नसतो, पायरीपायरीने वरून खाली यायचं. उलट होल्डिंगकडे बायरचे 49 असते आणि बाकीच्यांपैकी कोणी लिस्टमध्ये नसतं तर बायर ह्या नियमाने मोकळा. पण 49 दिसले की पाणी कुठेतरी मुरतंय समजा, लिस्टमध्ये आल्यानंतर दोन टक्के बायकोच्या नाहीतर मेहुण्याच्या नावावर करणं हा जगभर चालणारा उद्योग आहे. शेअर कधी हलले ती तारीख बघा, लिस्टिंगच्या आगेमागे असेल तर ती ऑर्डर सोडलेली बरी असं माझं मत.

अमेरिकेचा हा नियम मालकी बघतो, ताबा नाही. ब्रिटनमध्ये पन्नासपेक्षा जास्त मालकी किंवा प्रत्यक्ष ताबा, दोन्हीपैकी एक पुरतं, पण वेगवेगळ्या लोकांचे हिस्से ते सहसा एकत्र करत नाहीत, त्या लोकांमध्ये काही करार असल्याशिवाय. त्यामुळे तीच कंपनी एकीकडे ब्लॉक आणि दुसरीकडे मोकळी असं होऊ शकतं. पैसे पौंडात येणार असतील तर ब्रिटनचं बघा, युरोत असतील तर युरोपचं.

मालकी शोधायची कुठे? ब्रिटिश कंपनी असेल तर कंपनीज हाउस, म्हणजे तिथलं कंपनी नोंदणी ऑफिस, फुकट आणि "महत्त्वाचा ताबा असलेली व्यक्ती" असा वेगळा भागच असतो. भारतीय असेल तर एमसीए, म्हणजे कंपनी व्यवहार मंत्रालयाची साइट. दुबईच्या कंपनीचं सार्वजनिक रेकॉर्ड तुटपुंजं, तिथे ट्रेड लायसन्स आणि शेअर सर्टिफिकेट पार्टीकडूनच मागावं लागतं. ओपनकॉर्पोरेट्सवर बऱ्याच देशांचं एकत्र शोधता येतं, पनामा पेपर्सवाल्या पत्रकारांच्या आयसीआयजेचा ऑफशोअर लीक्स डेटाबेसही फुकट आहे (त्यात नाव असणं म्हणजे गुन्हा नाही, तिथेच तसं लिहिलेलं आहे). ओपनसँक्शन्स नावाची साइट सगळ्या देशांच्या लिस्टा एकत्र करून दाखवते आणि नातेवाईक, कंपन्या असं जाळंही दाखवते, पहिल्या नजरेला उत्तम, पण शेवटचा शब्द मूळ सरकारी लिस्टचाच.

डॅन गर्टलरचं उदाहरण बघा. ट्रेझरीचं म्हणणं असं की काँगोच्या खाणींचे हक्क स्वस्तात घेऊन पुढे विकण्यात 2010 ते 2012 ह्या काळातच त्या देशाचं 136 कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं. डिसेंबर 2017 मध्ये तो लिस्टमध्ये आला आणि जून 2018 मध्ये त्याच्याशी जोडलेल्या आणखी 14 कंपन्यांची नावं टाकली. मधले सहा महिने ज्याने फक्त नाव शोधून "क्लिअर" लिहिलं असेल, त्याचं काय झालं असतं?

बाकीच्या लिस्टा, थोडक्यात

ब्रिटनचे मानवी हक्कांचे निर्बंध जुलै 2020 पासून आणि भ्रष्टाचाराचे एप्रिल 2021 पासून. मानवी हक्कांमध्ये त्यांनी तीनच गोष्टी धरल्यात: जिवाचा हक्क, छळ, आणि गुलामी किंवा वेठबिगारी. युरोपियन युनियनचे डिसेंबर 2020 पासून, पण त्यात भ्रष्टाचार नाही. कॅनडाचा कायदा 2017 चा, ऑस्ट्रेलियाचा 2021 चा. सगळ्यांच्या लिस्टा ऑनलाइन आहेत. ऑर्डर मोठी असेल तर ह्या सगळ्या, लहान असेल तर निदान अमेरिका, ब्रिटन, युरोप आणि संयुक्त राष्ट्रं.

एक गोष्ट लोकांना गोंधळात टाकते. अमेरिकेचं परराष्ट्र खातं 7031(सी) ह्या तरतुदीखाली अधिकाऱ्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला व्हिसाबंदी करतं. श्रीलंकेचे तेव्हाचे लष्करप्रमुख शवेंद्र सिल्वा फेब्रुवारी 2020 मध्ये त्यात आले. ती बातमी वाचून "ह्याच्याशी धंदा बंद" असं होत नाही, ती फक्त प्रवेशबंदी आहे, पैसे गोठवणं नाही, आणि ओफॅकच्या सर्चमध्ये ती दिसतही नाही. पण मार्च 2025 मध्ये ब्रिटनने त्यांच्यावर निर्बंध लावले तेव्हा प्रवेशबंदीसोबत मालमत्ता गोठवणंही आलं. म्हणून बातमीतला "निर्बंध" हा शब्द वाचून थांबू नका, कुठल्या प्रकारचे ते बघा.

पेमेंट अडकलंच तर

घाईघाईत कागद बदलून पाठवणं, नाव गाळणं, दुसऱ्या बँकेतून तेच फिरवून बघणं, ह्यातलं काहीही करू नका. साधा गैरसमज असेल तो तुमच्या हाताने गुन्हा होऊन बसेल. बायर म्हणाला "इन्व्हॉइस दुसऱ्या नावाने करून द्या ना, काम होऊन जाईल", तर तिथेच हात जोडा.

बँकेकडून स्विफ्ट कॉपी (बँकांमधल्या पेमेंट मेसेजची प्रत) आणि यूईटीआर घ्या, यूईटीआर हा 36 अक्षरांचा ट्रॅकिंग नंबर असतो, त्यावरून पैसे कुठल्या बँकेत थांबलेत ते कळतं. बहुतेक वेळा न्यूयॉर्कच्या बँकेने फक्त माहिती मागितलेली असते, ह्या माणसाची जन्मतारीख काय, पत्ता काय, माल कशाचा. पासपोर्टची कॉपी, रजिस्ट्रेशन, इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) असं सगळं एकदम द्या, तुकड्या-तुकड्याने दिलं की प्रत्येक वेळी फाइल रांगेत मागे जाते. नाव नुसतं सारखं असेल तर पैसे सुटतात.

पण खरोखर तोच माणूस निघाला तर पैसे परत बायरकडेही जात नाहीत. अमेरिकन बँक ते व्याजाच्या वेगळ्या ब्लॉक खात्यात टाकते आणि दहा कामाच्या दिवसांत ओफॅकला कळवते. सोडवायचे तर ओफॅकचं लायसन्स लागतं, अर्ज ऑनलाइन, फी नाही, ज्याचा त्या पैशात हक्क आहे तो कोणीही करू शकतो, म्हणजे तुम्हीसुद्धा. मुदत मात्र कसलीच नाही, महिने जाऊ शकतात. इकडे एक्स्पोर्टचे पैसे वसूल करायची रिझर्व्ह बँकेची मुदत चालूच असते, तेव्हा आपल्या बँकेला पहिल्याच आठवड्यात लेखी कळवून मुदतवाढीचं बोलून घ्या. फोनवर सांगितलेलं पुढे कोणाच्या लक्षात नसतं.

एकदा बघून भागत नाही

लिस्ट कधीही बदलते, आणि राजकारण बघून बदलते हे मान्य करायला हवं. 2018 च्या ऑगस्टमध्ये तुर्कस्तानचे दोन मंत्री एका अमेरिकन पाद्र्याच्या अटकेवरून लिस्टमध्ये आले, तो सुटल्यावर नोव्हेंबरमध्ये बाहेर. गर्टलरला जानेवारी 2021 मध्ये, सरकार बदलायच्या तोंडावर, गुपचूप लायसन्स मिळालं आणि मार्चमध्ये नव्या सरकारने ते काढून घेतलं. हंगेरीचे मंत्री अँटल रोगान जानेवारी 2025 मध्ये आत, एप्रिलमध्ये बाहेर. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अलेक्झांद्रे द मोराएस जुलै 2025 मध्ये आत, डिसेंबरमध्ये बाहेर, आणि ते प्रकरण पाहून ह्या कायद्याच्या बाजूचे लोकसुद्धा कपाळाला हात लावून बसले. लिस्ट म्हणजे कोर्टाचा निकाल नव्हे, तो सरकारचा निर्णय आहे, पण तुमचं पेमेंट अडवायला तेवढा पुरतो.

म्हणून तीनदा तपासा: कोटेशन देताना, माल निघताना, पैसे यायच्या आधी. प्रत्येक वेळी तारखेसकट स्क्रीनशॉट, स्कोअर किती ठेवला होता तो, कोणी बघितलं त्याचं नाव. करारात एक ओळ टाका की पार्टी किंवा तिचे मालक लिस्टमध्ये आले तर लगेच कळवायचं आणि आम्हाला डिलिव्हरी थांबवता येईल. अमेरिकन कंपन्यांना मार्च 2025 पासून असे रेकॉर्ड 10 वर्षं ठेवावे लागतात, तुम्हाला तशी सक्ती नाही, पण अमेरिकन बायर मागेल तेव्हा तो दहा वर्षांचंच मागेल.

उलट बाजूने: कोणाचं नाव सुचवायचं असेल तर

हे फार कमी लोकांना माहीत आहे की बाहेरच्या संस्थांची माहिती ह्या सरकारांपर्यंत पोचते आणि ती वाचली जाते. अमेरिकेच्या कायद्यातच लिहिलंय की मानवी हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांची माहिती विचारात घ्यावी.

आपल्याकडचा जवळचा विषय म्हणजे म्यानमार-कंबोडियातले स्कॅम अड्डे. डेटा एन्ट्रीची नोकरी, थायलंडचं तिकीट, मग नदी ओलांडून म्यानमारचं सीमेवरचं म्यावाडी, पासपोर्ट काढून घेतलेला आणि दिवसभर लोकांना ऑनलाइन फसवायचं काम. महाराष्ट्रातलीही पोरं त्यात अडकली, 2025 मध्ये महाराष्ट्र सायबरने काहींना सोडवून आणलं. सप्टेंबर 2024 मध्ये अमेरिकेने कंबोडियाचे सिनेटर ली योंग फाट ह्यांच्यावर आणि त्यांच्या ओ-स्माच रिसॉर्टवर ह्याच ग्लोमॅगखाली निर्बंध लावले, कारण तिथे वेठबिगारी चालते असा आरोप.

अशा ठिकाणाहून परत आलेल्या माणसाकडे जे असतं ते जपायला शिका. मूळ चॅट डिलीट करू नका आणि फॉरवर्डही नको, फोनमधून पूर्ण एक्स्पोर्ट करा म्हणजे तारीख-वेळ राहते. तिकीट, व्हिसाचा शिक्का, एजंटला पाठवलेल्या पैशांची पावती, बिल्डिंगचे फोटो (लोकेशनसकट), मॅनेजरची टोपणनावं, क्रिप्टो वॉलेटचे पत्ते. हे सगळं आधी पोलिसांकडे, इथली एफआयआर महत्त्वाची, निर्बंध तिची जागा घेत नाहीत.

मग संस्थेमार्फत फाइल. फाइलमध्ये "तिथे फार अत्याचार होतात" ह्याला किंमत नाही. अमुक माणूस, अमुक तारखेला अमुक पदावर, त्याच्या हाताखालच्या लोकांनी अमुक केलं, त्याला माहीत होतं हे ह्यावरून दिसतं, एवढं नेमकं लागतं. जन्मतारीख किंवा पासपोर्ट मिळाला तर सोनं, कारण त्याशिवाय लिस्टमध्ये टाकलेलं नाव दुसऱ्या कुणाच्या गळ्यात पडतं. प्रत्येक मुद्द्याला एकमेकांवर न अवलंबलेले दोन पुरावे, घटना शक्यतो अलीकडच्या, आणि त्या सरकारला ह्यात का पडावं ह्याचा एक परिच्छेद. पानं कमी, जोडपत्रं जास्त. माहिती परराष्ट्र खातं आणि ट्रेझरी दोन्हीकडे द्यायची, ब्रिटनसाठी तिथल्या परराष्ट्र कार्यालयाकडे. अमेरिकी काँग्रेसच्या संबंधित समितीच्या अध्यक्षांनी आणि विरोधी पक्षाच्या प्रमुख सदस्यांनी मिळून पत्र दिलं तर राष्ट्राध्यक्षांनी 120 दिवसांत उत्तर द्यावं असं कायद्यात आहे, म्हणून जाणत्या संस्था ती वाटही धरतात. ह्यूमन राइट्स फर्स्ट ही अमेरिकन संस्था बाकीच्या संस्थांना फाइल बनवायला मदत करते.

पीडिताची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचं नाव फाइलमध्ये घालू नका, त्याचा भाऊ अजून तिथेच असेल तर मुळीच नको. त्याला कोड द्या, खरं नाव वेगळ्या कुलूपबंद फाइलमध्ये, आणि ती फाइल ईमेलवर फिरवायची नाही. पाठवल्यावर पोच मिळेल कदाचित, पुढे काय चाललंय ते कोणी सांगत नाही, कारण आधी कळलं तर समोरचा पैसे हलवतो. त्यामुळे त्या घरच्यांना आधीच स्पष्ट सांगून ठेवा की ह्यातून नुकसानभरपाई मिळत नाही आणि तारीख कोणीच देणार नाही.